सासऱ्यांबरोबर वेरूळपर्यंत

सामानाचा आमच्या सासऱ्यांइतका तिटकारा असलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकं ओझं वाहिलेला माणूसही दुसरा नसेल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या कशा, असं कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणतो, की तुम्ही त्यांच्याबरोबर शिरड शहापूरहून वेरूळपर्यंत पायी गेला नाहीत. मी गेलो आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली, वसमतच्या शाळेत मास्तरकी, पायात नवे बूट, आणि जावई म्हणून सासरी जेवढा मान मिळायचा तेवढ्याने मी बराच फुगलेलो. तो सगळा मान आणि ते बूट मी त्या वाटेवर कुठेतरी सोडून आलो, आणि आजवर मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

सासरे तेव्हा साठीचे. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायचो. उंच, वाळक्या तुराटीसारखे, कपाळावर भस्म आणि डोक्याला हा एवढा पटका. औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर असे तीन महादेव एका दमात पायी करायचे आणि शिवरात्रीला वेरुळात असायचं, असा त्यांचा बेत होता. घरात ज्वारीची काढणी आलेली, दोन्ही मेहुण्यांना सवड नाही, आणि म्हाताऱ्याला एकटं सोडायला सासूबाई तयार नाहीत. अशा वेळी जेवता जेवता मी सहज बोलून गेलो, "मला चालायला फार आवडतं." सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. माझं जाणं तिथेच ठरलं. शाळेतून महिन्याची रुखसत मिळवणं त्यामानाने सोपं होतं.

निघायच्या सकाळी मामांनी माझं गाठोडं अंगणात सोडलं. त्यांचा नियम असा, की गाठोडं करंगळीला अडकवून तेल्याच्या घाण्यापासून वेशीपर्यंत जायचं. करंगळी दुखली की सामान जास्त. माझी करंगळी ओट्यावरून उतरतानाच दुखली. मग सगळ्या आळीसमोर एकेक वस्तू वर धरून विचारणा सुरू झाली. "हे काय?" मी म्हटलं, "कंगवा." "वाट विंचरायची हाय का?" कंगवा गेला. छत्री गेली. "माघात पाऊस कुठून येऊन राहिला?" दुसरा सदरा वर धरून ते बराच वेळ विचारात पडले. "जावईबापू, हा काहून?" मी म्हटलं, "एक मळला तर." "मग मळलेला अंगात ऱ्हाऊ द्या की. याला कशाला सोबत मळवता?" शेवटी माझ्याजवळ एक धोतर, एक पांघरूण आणि एक पंचा उरला. पुस्तक मात्र मी सदऱ्याच्या आत पोटाशी लपवलं होतं. गंगाखेडपर्यंत ते घामाने असं भिजलं की त्याचीच पानं वाळवून, चुलीत घालून आम्ही एकदा पाणी तापवलं.

त्यांचं स्वतःचं सामान म्हणजे एक घोंगडी, एक तांब्या आणि डोक्यावरचा पटका. पण तो पटका म्हणजे एक अख्खं बिऱ्हाड होतं. विहिरीवर पोहरा नसला की पटका सुटायचा आणि तांब्याला बांधून आत जायचा. तोच पाणी गाळायचा, तोच अंग पुसायचा, उशाला तोच, आणि पेरू मिळाले तर ते बांधायलाही तोच. त्याच्या एका पदरात सुई खोचलेली असायची. परभणीच्या अलीकडे एका विहिरीत तो हातातून सुटला आणि मामा त्याच्यामागे, कोणी काही म्हणायच्या आत, उडी मारून आत. वर आले तेव्हा डोक्याला पटका बांधूनच आले. मोटेवरचा माणूस हातातला कासरा सोडून बघत राहिला.

वहाणा त्यांच्या हातात असत. गाव दिसलं की पायात, गाव सरलं की पुन्हा हातात. "वहाणा झिजतात, जावईबापू. पाय कोणाचे झिजलेले पाहिले का?" माझे झिजत होते. बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या तेव्हा ते बूट त्यांनी झिरोफाट्यावर एका हमालाला घालून पाहिले, त्याला बराबर बसले, आणि तो माणूस आनंदाने निघूनही गेला. शिदोरी न्यायची नाही हाही नियमच. पण फुकट कुठे जेवायचे नाहीत. ज्या ओट्यावर बसतील त्या घरून मूठभर अंबाडीचा वाक मागायचे आणि बोलता बोलता दोर वळायला घ्यायचे. भाकरी होईपर्यंत त्या घरचं एखादं दावं तयार. मला दोर वळता येईना, म्हणून माझ्याकडे मुलांना पाढे म्हणायला लावायचं काम होतं. मुलं माझ्यापासून पळायची आणि घरच्या बाया हसून दोघांनाही वाढायच्या.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, की हा माणूस रिकाम्या हाताने, वाऱ्यासारखा चालत असेल. पण मामांना एक शब्द उच्चारता येत नव्हता, तो म्हणजे नाही. आणि पायी लांब निघालेल्या माणसाकडे बघितलं की लोकांना आपल्या दूर दिलेल्या लेकी आठवतात. "तिकडंच चाललात तर एवढं द्या ना माझ्या पोरीला," असं कोणी म्हटलं, की मामांचा हात पुढे झालाच. मी चिडलो की म्हणायचे, "हे सामान न्हाई. ही अमानत हाय." अमानतीला करंगळीचा नियम लागू नव्हता. त्यामुळे परळी ओलांडली तेव्हा माझा दुसरा सदरा काढून ठेवायला लावणाऱ्या या माणसाच्या डोक्यावर सूप, खांद्याला लोणच्याची बरणी, पाठीला पाळण्याची झोळी आणि काखेत एक जिवंत कोंबडी होती. गळ्यात रुद्राक्ष, कधी मांसाला शिवलेले नाहीत, आणि कोंबडीला मात्र सावलीला बसवून पाणी पाजत होते. दुसऱ्या दिवशी तिने अंडं घातलं. मला वाटलं, हे तरी कोणाला देऊन टाकतील. पण ते म्हणाले, "कोंबडी ज्याची, अंडं त्याचं," आणि ते तांब्यात कापूस घालून त्यात ठेवलं. माजलगावपर्यंत दोन दिवस आम्ही ओंजळीने पाणी प्यालो.

सासूबाईंनी या दुखण्याचा उपयोग करून घेतला होता. "गंगाखेडला माझ्या भाचीला एवढं द्या," म्हणून त्यांनी निघताना एक गठडी दिली होती. मामांनी ती चार दिवस जपून नेली. भाचीने ती सोडली तर आत मामांचीच जाड बंडी, सुंठीचे लाडू आणि टाचांना लावायचं कोकम. भाची म्हणाली, "मावशीचा निरोप हाय, काकांना बंडी इथंच घालून पुढं धाड." मामांनी बायकोचा डाव ओळखला, पण भाचीच्या हातून आलेली वस्तू, आता नाही कसं म्हणायचं? बंडी अंगात घातली. लाडू भाचीच्या पोरांना वाटून टाकले. कोकम माझ्या टाचांना लागलं.

माजलगावच्या अलीकडे एका चौकीवर जवानाने आम्हाला अडवलं. सुपाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ये किस का?" मामा अदबीने म्हणाले, "दूसरे का." "और ये बरनी?" "वो भी दूसरे की." "मुर्गी?" "दूसरे की." जवानाने आम्हाला चोर म्हणून बसवून ठेवलं. दुपारी जमादार आला. मामांनी त्याला प्रत्येक वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या लेकीची हे सांगायला सुरुवात केली, तिच्या बाळंतपणासकट. जमादार ऐकत राहिला. शेवटी त्याने आम्हाला चहा पाजला आणि खाली मान घालून विचारलं, "चाचा, गेवराई के बाजू से जाओगे क्या?" आम्ही सुटलो तेव्हा सामानात त्याच्या बहिणीसाठी एक चादर वाढली होती.

पण मला सांगायचं आहे ते एका लहानशा गाठोड्याबद्दल. औंढ्याच्या पुढे दोन कोसांवर आम्ही एका घरी पाणी प्यायला थांबलो होतो. घरात एक म्हातारी, एकटीच. आम्ही वेरूळला निघालो हे कळताच ती आत गेली आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. गेवराईच्या पुढे गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी तिची लेक कौसा दिलेली होती. चार वर्षांपूर्वी लग्नात कोणाच्या तरी मामाला फेटा बांधायचा राहिला, त्यावरून व्याह्यांचं बिनसलं, आणि तेव्हापासून लेक माहेरी आली नव्हती की तिचा निरोपही नव्हता. म्हातारी म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नगा, बाबा. तिच्याच हातात द्या." मामा म्हणाले, "तिच्याच हातात."

त्या गावी आम्ही पोचलो तेव्हा बाकीची अमानत वाटून झाली होती आणि शिवरात्रीला सात दिवस होते. वेरूळ तिथून सहा दिवसांची चाल. मी मनात म्हटलं, पोचतो आपण. कौसाचा सासरा ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. जाडजूड, भारदस्त गृहस्थ. मामांनी येण्याचं कारण सांगितलं. तो वर न बघता म्हणाला, "आमच्या सुनेला माहेर न्हाई."

"नसू द्या," मामा म्हणाले. "मला माहेर द्यायचं न्हाई, गाठोडं द्यायचं हाय."

"ठेवा इथं."

"तिच्या हातात द्यायचं ठरलंय."

"मग घेऊन जा वापस."

"वापस न्यायची मला सवय न्हाई," असं म्हणून मामा समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले, गाठोडं मांडीवर घेतलं आणि शेजारच्या बाईकडे अंबाडी मागितली.

पहिला दिवस गावाने मजा म्हणून घेतला. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून विचारपूस करू लागल्या. मामा कोणाविरुद्ध अवाक्षर बोलत नव्हते. कोणी विचारलं तर, "गाठोडं द्यायचं हाय," एवढंच. तिसऱ्या दिवशी निम्म्या गावाची गुरं मामांनी वळलेल्या दाव्यांना बांधलेली होती. कौसाच्या घराचं दार आतून बंद असायचं, पण त्याच्या फटीत कोणीतरी उभं आहे हे मला दिसायचं. मी मात्र तिथी मोजत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना म्हटलं, "मामा, आज निघून रात्रीही चाललो तरच शिवरात्र गाठते. एवढे चाललो ते कशासाठी?"

त्यांनी वळण थांबवलं. वेरूळच्या दिशेला थोडा वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच तकलीफ पाहिली. मग ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं, जावईबापू. माझ्या वाटचा नमस्कार करा." आणि पुन्हा दोर वळायला लागले. मी गेलो नाही. का गेलो नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी बाजूला बसून अंबाडीचा वाक हातात घेतला आणि दोर वळायला शिकलो.

चौथ्या दिवशी सकाळी कौसाचा सासरा स्वतः ओटा उतरून लिंबाखाली आला. उभ्यानेच म्हणाला, "तुमी तिच्या आईचे कोण लागता?"

"कोणी न्हाई."

"सोयरे?"

"न्हाई."

"मग गावचे?"

"न्हाई. वाटंनं पाणी प्यायला थांबलो होतो."

तो गोंधळला. तीन दिवस तो या म्हाताऱ्याला विहिणीने आपलं नाक कापायला पाठवलेला माणूस समजून धुसफुसत होता. "पाणी प्यायला थांबला होता? आन् तेवढ्यासाठी चार दिस माझ्या दारात बसून राहिले? काहून?"

मामांनी खरोखर विचार केला. मग ओशाळून म्हणाले, "म्हातारीनं पुढं केलं तवाच न्हाई म्हणायला पाहिजे होतं. मला ते जमत न्हाई."

कौसाचा सासरा त्यांच्याकडे पाहत राहिला. सोयऱ्यापुढे वाकणं त्याला या जन्मी जमलं नसतं, पण हा तर सोयरा नव्हता, कोणीच नव्हता. त्याच्याशी भांडायला धागाच सापडेना. हळूहळू त्याच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि तो मोठ्याने हसत घराकडे वळून ओरडला, "कौसे, ये भाईर! घे बाई तुझं गाठोडं, न्हाईतर हा म्हातारा इथंच समाधी घेईल!"

ती आली. पदर खाली ओढलेला, मान खाली, हात तेवढे पुढे. मामांनी गाठोडं त्या हातांत ठेवलं. तिने तिथेच जमिनीवर बसून ते सोडलं. खणाची चोळी, हिरव्या बांगड्या, आणि मूठभर वाळलेली बोरं. ती चोळीला शिवली नाही, बांगड्यांना शिवली नाही. एक बोर उचलून तोंडात टाकलं आणि लहान पोरीसारखं गालात धरून बसली. "परसातल्या झाडाची," एवढंच म्हणाली. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. तिचा सासरा मामांना म्हणाला, "सांगा तिच्या आईला, होळीच्या आधी मुराळी धाड म्हणावं. पोरीला घेऊन जाऊ द्या चार दिस. पण होळीच्या आधी, सांगून ठेवतो." तो पुन्हा फिरायच्या आत मामांनी त्याचा निरोप घेतला.

वेरुळात आम्ही पोचलो ते शिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी. जत्रा उठून गेलेली, दुकानांच्या खुंट्या उपटलेल्या, जिकडे तिकडे सुकलेला बेल. पुजारी हळहळला, "अहो, परवा यायला पाहिजे होतं!" मामा पिंडीवर डोकं ठेवून बराच वेळ राहिले. बाहेर येऊन पटका बांधता बांधता मला म्हणाले, "बरं झालं. आज देवाला बोलायला फुरसत होती."

परत पायीच जायचं, हा त्यांचा नेम. पण पायी गेलो तर मुराळ्याचा निरोप होळीनंतर पोचणार. मामांनी औरंगाबादच्या ठेसनाबाहेर बसून तासभर यावर विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत चढले. पण ते बाकावर बसेनात. "देवाकडून बसून कसं जायाचं?" म्हणून तांब्या छातीशी धरून ते दारापाशी उभे राहिले, ते थेट परभणीपर्यंत. मधल्या ठेसनांवर लोक ट्रंका, वळकट्या, पिशव्या घेऊन धडपडत चढायचे. मामा त्यांच्याकडे इतक्या कळवळ्याने बघायचे, की एका बाईने त्यांना आजारी समजून केळं दिलं. बसण्याचं सुख घेत मी समोर होतो आणि मला त्या सुखाची लाज वाटत होती.

परभणीहून म्हातारीच्या घरी पुन्हा पायी. ती दारातच होती. आम्ही कसे गेलो, किती दिवस लागले, काही विचारलं नाही. "हातात दिलं?" "हातात." "काय म्हणली?" मामा म्हणाले, "म्हणली न्हाई काही. बोर तोंडात टाकलं." म्हातारी मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर पदर ओढून घेतला. मुराळ्याचा निरोप मामांना तिला दोनदा सांगावा लागला. त्याच संध्याकाळी तिचा पुतण्या गंगाकाठच्या गावी निघाला.

घरी सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यंदा तरी गाठली का शिवरात्र?" मी म्हटलं, "यंदा तरी म्हणजे?" तेव्हा मला कळलं, की ही त्यांची चौथी खेप होती. थोरल्या मेहुण्याला लहानपणी देवी आल्या तेव्हा केलेला नवस, आणि चारही वेळा कोणाच्या तरी अमानतीपायी ते वेरुळात उशिराच पोचले होते. सासूबाई रागावल्या नाहीत. कपाळाला हात लावला आणि मऊ भात टाकायला चुलीकडे गेल्या.

त्याच साली पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने मामा गेले. कोणाला तसदी नाही, औषधपाणी नाही, सगळं चटकन उरकलं.

पुढच्या होळीला आम्ही शिरडला असताना दारात बैलगाडी उभी राहिली. गाडीतून ती म्हातारी उतरली आणि तिच्यामागे एक बाई, कडेवर तीन-चार महिन्यांचं लेकरू. मी ओळखलं नाही. ती कौसा होती. मामांना भेटायला आली होती. बातमी ऐकून ती ओट्यावरच बसली आणि म्हणाली, "मी त्यांचं तोंडच पाहिलं न्हाई. सासऱ्यापुढं मान वर कशी करावी? हात तेवढे दिसले, आवाज ऐकला. म्हणलं, एकदा तोंड पाहून यावं."

घरात त्यांचा फोटो नव्हता. मग माझ्या बायकोने तिला आत घेतलं, ओटी भरली, आणि सगळे मिळून तिला मामा कसे दिसायचे ते सांगू लागलो. मी म्हटलं, नाक सरळ. मेहुणा म्हणाला, छे, थोडं वाकडं, बैलाने उडवलं होतं तेव्हाचं. बायको म्हणाली, डोळे घारे. धाकटा म्हणाला, उन्हात तेवढे घारे. भांडता भांडता आम्ही हसायला लागलो, कौसाही हसू लागली. सासूबाई कोपऱ्यात बसून लेकराला मांडीवर झुलवत होत्या. त्या म्हणाल्या, "गालावर तीळ होता." मी विचारलं, "कोणत्या?" "डाव्या," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. हात उचलून हवेत समोर कोणाच्या तरी गालाला लावावा तसा धरला, या बाजूला, मग त्या बाजूला. "डाव्याच ना? का उजव्या?"

आम्हाला कोणालाच सांगता येईना. सासूबाईंचा हात तसाच राहिला होता. कौसाने पुढे होऊन तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.